मेरापी किती लांब आहे? जोग्जाची ट्रिप

मंगळवार : पोचलो

बालीला जाऊन आलेली माणसं ओळखीत ढीगभर सापडतात पण योग्याकार्ता म्हणलं की समोरचा विचारतो, ते कुठं आलं. इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या साधारण मध्यावर, दक्षिणेच्या अंगाला. तिथले लोक नुसतं जोग्जा म्हणतात, मीपण पुढं तेच लिहिते. आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई रिटायर्ड शाळामास्तरीण, विषय भूगोल, आणि आयुष्यभर फळ्यावर ज्वालामुखीचा तो त्रिकोण काढून लाल खडूनं लाव्हा ओघळवलेला, त्यामुळे नवऱ्यानं "आई, तुला खरा ज्वालामुखी दाखवतो, मेरापी" म्हणल्यावर त्यांनी पासपोर्ट रिन्यू करायला टाकला तोही त्याच आठवड्यात.

मुंबईहून सिंगापूर आणि तिथून जोग्जाचा नवा विमानतळ. हा कुलोन प्रोगो भागात समुद्राकाठी आहे, शहरापासून बराच लांब, पण ट्रेन थेट टर्मिनलपासून सुटते आणि पाऊण तासाच्या आत तुगू स्टेशनात सोडते. टॅक्सीच्या भानगडीत पडू नका.

हॉटेलच्या गच्चीवर जाऊन मेरापी शोधला तर सगळीकडे ढग. रिसेप्शनवरचा मुलगा म्हणाला पहाटे साडेपाचला या, आठनंतर तो दिसत नाही. किती लांब आहे विचारलं तर म्हणाला, सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. नवरा लगेच, म्हणजे स्वारगेटवरून सिंहगड. मला तेव्हाच जरा कसंतरी झालं, कारण सिंहगड आपण घरातला समजतो, रविवारी पिठलं भाकरी खायला जातो, आणि हा मेरापी म्हणजे इंडोनेशियातला सगळ्यात जास्त वेळा उसळणाऱ्यांपैकी एक, आत्तासुद्धा चालू असलेला. चालू म्हणजे अगदी शब्दशः. नोव्हेंबर 2020 पासून त्याची धोक्याची पातळी "सियागा" आहे, चारातली तिसरी, आणि माथ्याजवळ नव्या लाव्हाचे घुमट वाढतायत, ढासळतायत. चढायला 2018 पासूनच बंदी आहे.

रात्री गुदेग खाल्लं. कच्च्या फणसाची भाजी, गूळ आणि नारळाचं दूध घालून तासन्‌तास शिजवलेली. मला आवडली, नवऱ्याला गोड लागली, सासूबाई म्हणाल्या जरा तिखट असतं तर आमच्या कोकणातली झाली असती.

बुधवार : खड्ड्यातलं देऊळ

साडेपाचला गच्चीवर. दिसला. एकदम स्पष्ट, निळा, आणि टोकावरून पांढरट वाफ एका बाजूला झुकलेली. उंची 2010 च्या मोठ्या उद्रेकाआधी 2,968 मीटर होती, त्या उद्रेकात माथाच उडाला त्यामुळे आता कमी आहे. सासूबाई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, लाल काहीच नाही."

मग सांबिसारी. विमानतळाच्या (जुन्या) जवळ, भातशेतीच्या मधोमध. गाडीतून उतरलं तर काहीच दिसत नाही, हिरवळ आणि कुंपण. पुढं कठड्यापाशी जाऊन खाली बघितलं की पायाखाली साडेसहा मीटरवर एक अख्खं शिवमंदिर उभं! म्हणजे मंदिराचं शिखर आणि आजचं शेत जवळपास एका पातळीला. 1966 साली एक शेतकरी जमीन खणत होता, कुदळ दगडाला लागली, दगडावर नक्षी होती. मग पुरातत्त्व खात्यानं खणायला घेतलं आणि जीर्णोद्धार संपायला 1987 उजाडलं. देऊळ नवव्या शतकातलं.

पायऱ्या उतरताना बाजूच्या कापलेल्या मातीत थर दिसतात, बारीक करडी वाळू, मग गोटे, मग परत वाळू. ही माती नाहीच, सगळा मेरापीचा माल आहे. आणि हे एका रात्रीत लाव्ह्यानं गिळलं वगैरे नाही हां. मेरापी ओकतो तेव्हा राख आणि दगड त्याच्या उतारावर साठतात, पुढं पावसाळ्यात ते पाण्याबरोबर ओल्या काँक्रीटसारखे नद्यांतून धावत खाली येतात. याला लाहार म्हणतात. शब्द मूळचा जावाचाच, जगभरच्या शास्त्रज्ञांनी इथून उचलला. असे अनेक लाहार एकावर एक येऊन सांबिसारी बुजलं. विवरापासून हे ठिकाण 25 किलोमीटरच्या आसपास आहे. नवऱ्यानं फोनवर मोजून दाखवलं आणि त्या क्षणापासून पूर्ण ट्रिपभर त्याला तोच नाद लागला, प्रत्येक ठिकाणी पोचलं की विवरापासून किती.

देवळाचं तोंड पश्चिमेला. गाभाऱ्यात लिंग आणि योनी, बाहेर उत्तरेच्या कोनाड्यात महिषासुरमर्दिनी, दक्षिणेला अगस्त्य, मागच्या पूर्वेच्या बाजूला गणपती. गणपतीसमोर सासूबाईंनी चप्पल काढून अथर्वशीर्षाची पहिली ओळ म्हणली आणि तिथला झाडूवाला मुलगा थांबून बघत राहिला. मी विचारलं, "आई, पूर्ण म्हणा की." तर म्हणाल्या, "नको, पूजेतला देव नाहीये तो आता. ओळख दाखवली, बास."

प्रंबानन दुपारी. त्याबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल, रामायणाचे शिल्पपट तर निवांत एक दिवस मागतात. 47 मीटर उंचीचं शंकराचं देऊळ, आजूबाजूला विष्णू ब्रह्मा, मूळचा एकूण 240 देवळांचा समूह, बरीचशी अजूनही दगडांच्या राशी होऊन पडलेली. 27 मे 2006 च्या भूकंपात यालाही मार बसला, त्या भूकंपात जोग्जा भागात पाच हजारांवर माणसं गेली. नवऱ्यानं दगडावर बोटानं टकटक केलं आणि म्हणाला आपल्या कातळासारखाच आहे.

तर नाही. इथं सासूबाईंमधल्या बाई जाग्या झाल्या. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पातळ लाव्हा भेगांतून निघून मैलोन्‌मैल पसरला, थरावर थर, म्हणून आपल्या डोंगरांना त्या पायऱ्या पायऱ्या. प्रंबाननचा दगड अँडेसाइट, मेरापीचा. यात सिलिका जास्त, त्यामुळे लाव्हा चिकट, तो वाहतच नाही, विवराच्या तोंडावर बसून राहतो आणि घुमट होतो. आत वायू कोंडलेला. घुमट मोठा झाला की कडेनं ढासळतो आणि मग शेकडो अंश तापलेली राख, दगड आणि वायूचा ढग उतारावरून ताशी 100 किलोमीटरच्या वर वेगानं खाली येतो. माणसं मारतो तो हा ढग. लाव्ह्यापासून माणूस चालत लांब जाऊ शकतो, यापासून गाडीतूनही सुटका नाही. "आणि मी पस्तीस वर्षं लाल खडू वापरला," असं म्हणून त्या प्रंबाननच्या पायरीवर बसल्या आणि पाणी प्यायल्या.

गुरुवार : जीप

आदल्या रात्री ठरवलं होतं की जीप टूर घ्यायची. मला खरं तर "लाव्हा टूर" हे नावच खटकत होतं, जिथं माणसं मेली तिथं हेल्मेट घालून फोटो काढत फिरायचं. पण ही टूर चालवतात तीच ती माणसं, ज्यांची गावं गेली. गाई मेल्या, शेतावर दोन मजले राख, मग करणार काय, जीप घेतल्या. हे कळल्यावर माझं खटकणं मी गुपचूप खिशात घातलं.

सकाळी लवकर निघालो. रस्त्यात चढ लागला की दर थोड्या अंतरावर हिरव्या पाट्या, बाण आणि पळणाऱ्या माणसाचं चित्र, "जालुर एवाकुआसी", पळून जायचा रस्ता. बाण सगळे उताराच्या दिशेला, आम्ही उलटे वर. जीप उघडी, जुनी विलीज, सीटबेल्ट नावाला. सासूबाईंना पुढं बसवलं आणि ड्रायव्हरला, त्यांना सगळे "पाक" म्हणतात म्हणून आम्हीपण पाकच, हातवाऱ्यांनी सांगितलं हळू घ्या. पाक हसले आणि अजिबात हळू घेतलं नाही.

पहिला थांबा पेतुंग वाडीतलं एक घर. विवरापासून सातेक किलोमीटर (नवरा!). घराचं मालकांनी म्युझियम केलंय, सिसा हारताकू, म्हणजे माझ्या मालमत्तेतलं उरलेलं. छप्पर नाही, भिंती काळ्या, त्यात टेबलांवर घरातल्याच वस्तू मांडून ठेवल्यात. स्टीलचे चमचे एकमेकांना चिकटून एक गठ्ठा झालेला. काचेच्या बाटल्या मान वाकवून आडव्या झालेल्या. टीव्हीचं नुसतं आतलं जाळं. मोटरसायकलची फ्रेम गंजलेली. दाराशी गाईचा पूर्ण सांगाडा उभा केलाय. आणि भिंतीवर घड्याळ, प्लॅस्टिक वितळून खाली ओघळलंय, तबकडी सुरकुतलीय, काटे बाराच्या जरा पुढं अडकलेत. 5 नोव्हेंबर 2010, मध्यरात्र. मी त्या घड्याळाचा फोटो काढला नाही असं लिहिलं तर छान वाटेल पण काढला, सगळेच काढतात, मालकांनी त्यासाठीच ठेवलंय.

जास्त वेळ मी थांबले ती चमच्यांपाशी. घड्याळाला गोष्ट आहे, चमच्यांना काही नाही. कुणीतरी संध्याकाळी घासून ठेवले असतील.

आता 2010 ची हकीकत, कारण ती दिवसवार समजली नाही तर पुढचं काही कळत नाही. 25 ऑक्टोबरला सकाळी धोक्याची पातळी सगळ्यात वर, "अवास". विवरापासून 10 किलोमीटरच्या आतल्या सगळ्यांनी निघा. 26 ला संध्याकाळी पाचच्या सुमाराला पहिला उद्रेक. नंतर काही दिवस धुसफूस चालूच. मग नोव्हेंबर लागताच घुमट भयानक वेगानं वाढायला लागला. ढगांमुळे डोळ्यांना काही दिसत नव्हतं पण रडार उपग्रह ढगातून बघतात, त्यांची चित्रं शास्त्रज्ञांना मिळत होती. 3 नोव्हेंबरला रेषा 15 किलोमीटरवर नेली. 5 नोव्हेंबरला मध्यरात्र उलटली आणि तो फुटला, 1872 नंतरचा मेरापीचा सगळ्यात मोठा उद्रेक, आणि रेषा 20 किलोमीटर. लाखो लोक रात्रीत रस्त्यावर, पाऊस राखेचा, काचा पुसल्या तर चिखल होतोय. एकूण चार लाखांच्या आसपास माणसं हलवली. मेली साडेतीनशेच्या वर. नंतर शास्त्रज्ञांनी हिशोब केला की वेळेत हलवल्यामुळे दहा ते वीस हजार जीव वाचले. हा आकडा लक्षात ठेवा, कारण ज्वालामुखीच्या गोष्टींत आपण मेलेलेच मोजतो.

पुढं जीप गेंडोल नदीच्या पात्रात उतरली. नदी म्हणजे पाणी नाहीच, नुसतं वाळू आणि घराएवढे दगड आणि मधून वाळूचे ट्रक. जपानी पद्धतीचे सबो बंधारे दिसतात, लाहार अडवायला आणि त्यातले दगडधोंडे वर रोखायला बांधलेले. पाकनी गाडी थांबवली आणि हातानं पूर्ण नदी दाखवली, वरून खालपर्यंत, मग म्हणाले, इथून. एवढंच.

5 नोव्हेंबरचा तो ढग गेंडोलच्या खोऱ्यातून 15 किलोमीटर खाली गेला. आधीच्या दिवसांत आलेल्या मालानं पात्र भरत आलं होतं, बंधारेही भरले होते, त्यामुळे ढगाला दरी पुरली नाही आणि तो काठ सोडून बाजूच्या वस्त्यांवर पसरला. ब्रोंगगांग नावाची वाडी अशीच गेली. डोंगर तिथून एवढा लांब की रोजच्या जगण्यात त्याची आठवणही येऊ नये. त्या रात्रीच्या मृत्यूंपैकी पुष्कळ याच पट्ट्यातले. आणि याच वेळी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, विवराच्या कितीतरी जवळ असलेल्या काही वाड्यांपर्यंत ढग पोचलासुद्धा नाही, कारण त्यांच्या वरच्या नदीकडे तो वळलाच नव्हता. नवरा फोन खिशात घालून म्हणाला, मी उगाच गोल काढत बसलोय, नदी बघायला पाहिजे. खरंय त्याचं. नकाशावर कंपासानं गोल काढणं सोपं असतं, सरकारलाही सोपं, लोकांनाही समजायला सोपं, आणि घाईच्या वेळी दुसरं काही करता येत नाही हेही मान्य. पण ढगाला गोल माहीत नसतो, तो उतार शोधतो. आता मेरापीची वेधशाळा, जोग्जातच आहे, दर आठवड्याला जो अहवाल काढते त्यात अंतरं नदीवार दिलेली असतात, बोयोंग नदीत 5 किलोमीटरपर्यंत, क्रासाक आणि बेबेंगमध्ये 7, गेंडोलमध्ये 5, वोरोमध्ये 3. स्फोट झालाच तर दगड उडायचा धोका सगळीकडे 3. गावातल्या माणसाला स्वतःची नदी माहीत असतेच, तिच्यापुढचा आकडा बघायचा.

मग कालिआदेम बंकर. डोंगराच्या अगदी पोटाशी, काँक्रीटची जाड खोली, लोखंडी दार, खाली जायला पायऱ्या, आत मिट्ट काळोख आणि ओल. ढग आलाच तर लोकांनी आत शिरायचं म्हणून बांधलेला. जून 2006 च्या उद्रेकात मदतकार्य करणारे दोन स्वयंसेवक आत शिरले. ढग वरून गेला, बंकरवर मीटरच्या मीटर तापलेला थर साठला, आणि आतल्या उष्णतेनं दोघंही गेले. 2010 मध्ये बंकर परत पूर्ण गाडला गेला, नंतर खणून काढला. आत मोबाईलचा टॉर्च लावून लोक जातात. मी दारापर्यंत गेले, सासूबाई वरच थांबल्या, "मला नाही बघायचं" म्हणाल्या आणि ते त्यांनी एरवी कधी म्हणलेलं मला आठवत नाही.

शेवटचा थांबा किनाहरेजो. विवरापासून पाच किलोमीटर. इथं मबाह मारिजान राहायचे. जोग्जाचे सुलतान हामेंगकुबुवोनो नववे यांनी 1982 मध्ये त्यांना मेरापीचा जुरू कुंची नेमलं, म्हणजे डोंगराचा राखणदार, राजवाड्यातर्फे दरवर्षी डोंगराला जो नैवेद्य जातो तो नेणारा. 2006 मध्ये सरकारनं निघा म्हणलं, ते निघाले नाहीत, आणि वाचले. मग देशभर प्रसिद्ध, एनर्जी ड्रिंकच्या जाहिरातीतही झळकले. 26 ऑक्टोबर 2010 लाही ते निघाले नाहीत. वय 83. नमाजात कपाळ टेकतात त्या अवस्थेत त्यांचा देह घरात मिळाला. त्या संध्याकाळी तिथं तीसहून जास्त माणसं गेली, त्यात त्यांना आणायला वर गेलेलेही. आणायला गेलेल्यांची जळलेली गाडी अजून तिथं ठेवलीय, टायर नाहीत, काच नाही.

यावरून आमच्यात परतीच्या वाटेवर भांडण झालं. नवरा म्हणाला, हट्ट स्वतःपुरता ठेवावा, दुसऱ्यांचे जीव का. सासूबाई म्हणाल्या, "अरे, पुजाऱ्यानं देऊळ सोडून पळायचं असतं का? त्याला नेमला कशाला मग?" नवरा म्हणाला, मग लोक त्याच्याकडे बघून थांबले त्याचं काय. त्यावर त्या गप्प. मला दोघंही अर्धे पटले. एकदा थांबून वाचलेल्या माणसावर गावाचा भरवसा बसणारच, आणि 2006 चा ढग नेमका वेगळ्या दरीत गेला होता, किनाहरेजोकडे नाही. चार वर्षांपूर्वी मिळालेलं नशीब हा पुढच्या वेळचा पुरावा ठरला, अडचण तिथं आहे. पाकनी आरशातून आमचं भांडण बघितलं, भाषा कळली नाही पण मारिजान नाव कळलं असणार, म्हणून हळूच म्हणाले, आता त्यांचा मुलगा आहे त्या जागी, तो खाली राहतो, सायरन वाजला की निघतो.

शुक्रवार : काली उरांगचा रस्ता

दिवस आरामात. काली उरांग थंड हवेचं ठिकाण, डच काळापासूनचं. तिथं जादाह तेम्पे खाल्लं, चिकट भाताची वडी आणि वर गोड तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा तुकडा, हातात धरून खायचं, तिखट मिरची वेगळी चावायची. सासूबाईंनी सहा मिरच्या मागितल्या तेव्हा विक्रेतीनं त्यांचा हात हातात घेतला.

मेरापी म्युझियम ठीक. मुलं असतील तर न्या. तिथं जुन्या उद्रेकांच्या याद्या आहेत, 1930 मध्ये 1,369 माणसं, 1994 मध्ये तुर्गो गावावर ढग आला तेव्हा तिथं एका घरी लग्न चाललं होतं. मी लिहून घेत गेले आणि एका ठिकाणी पेन ठेवलं.

त्याच रस्त्यावर खाली इस्लामिक विद्यापीठाचा कॅम्पस आहे. 2009 च्या डिसेंबरमध्ये तिथं लायब्ररीसाठी पाया खणत होते, आणि खाली निघालं काय, तर शिवमंदिर. गणपती, लिंग-योनी, नंदी, सगळं जिथल्या तिथं, सांबिसारीसारखंच लाहारखाली गाडलेलं. विद्यापीठानं लायब्ररीचं डिझाईन बदललं आणि मंदिर मध्ये ठेवून इमारत उभी केली. आज काचेपलीकडे मुलंमुली पुस्तकं घेऊन बसलेली आणि खाली खड्ड्यात नवव्या-दहाव्या शतकातला गणपती. किंपुलान म्हणतात याला. गर्दी शून्य. आपल्याकडे यावर काय काय झालं असतं याची कल्पना करून बघितली आणि लगेच थांबवली.

याशिवाय अजून काय काय आहे खाली, कुणाला माहीत. म्हणजे खरंच, हा पूर्ण उतार, भातशेतं, सलाकच्या बागा, कॉलेजं, पेट्रोलपंप, सगळं जुन्या लाहारवर बसलंय. सलाक इथलं फळ, साप सोलल्यासारखी साल, गोड करकरीत. ते एवढं चांगलं येतं कारण राख. लोक का राहतात याचं उत्तर फळात आहे, आणि दुसरं उत्तर असं की जायचं कुठं, जावा बेटावर रिकामी जागाच नाही.

शनिवार : बोरोबुदूर आणि पांढरी नदी

बोरोबुदूर, म्हणजे तो प्रचंड बौद्ध स्तूप, मेरापीच्या पश्चिमेला, विवरापासून 28 किलोमीटर भरतं. वर जायला आता दिवसाला ठरावीकच तिकिटं आणि उपानत नावाच्या विणलेल्या चपला देतात, दगड झिजू नयेत म्हणून. तिकीट आधी ऑनलाईन काढा, आमच्या पुढच्या कुटुंबाला खालूनच परत जावं लागलं.

2010 मध्ये पूर्ण स्तूपावर राखेचा थर बसला होता. राख आम्लधर्मी, दगडाला खाते, आणि पावसात चिखल होऊन दगडांमधल्या पाणी जायच्या वाटा तुंबवते. स्तूप बंद करून कामगार आणि गावकरी स्वयंसेवकांनी कुंचे आणि झाडूंनी मूर्ती झाडल्या. गाईड लोक हमखास सांगतात की 1006 साली मेरापीच्या महाउद्रेकानं इथलं मातारम राज्य बुडालं आणि राजधानी पूर्वेला गेली. ऐकायला जबरदस्त आहे, पण आजचे बरेच अभ्यासक हे मानत नाहीत, तेवढ्या मोठ्या एका उद्रेकाचा थर त्या सालाशी नीट जुळत नाही. राजे राजकारणानंही राजधानी हलवतात.

परत येताना पाकनी मागेलांग-जोग्जा हायवेवर एका पुलापाशी गाडी बाजूला घेतली. काली पुतिह, पांढरी नदी. मोठ्या उद्रेकाला दोन महिने झाल्यावर, जानेवारी 2011 मध्ये, इथं लाहार आला. डोंगर शांत होता, बातम्या संपल्या होत्या, फक्त वर पाऊस पडला. नदीनं पात्र सोडून हायवे ओलांडला, घरं छतापर्यंत वाळूत, रस्ता बंद. असे लाहार त्या पावसाळ्यात कितीतरी नद्यांना आले. म्हणजे उद्रेकाची तारीख ही नुसती सुरुवात, मालाची डिलिव्हरी पुढं अनेक पावसाळे चालू. सासूबाई पुलावरून खाली वाकून बघत होत्या, वाळू उपसणारी पोरं, एक बकरी. म्हणाल्या, "हे पुस्तकात कधीच नव्हतं. पुस्तकात डोंगर फुटतो आणि धडा संपतो."

रविवार : निघालो

स्टेशनवर सोडायला पाकच आले. त्यांना 2010 चं विचारायचं धाडस मला इतके दिवस झालं नव्हतं, सासूबाईंनी सरळ विचारलं, मी फोनवर भाषांतर केलं. त्यांचं घर तेव्हा गेंडोलच्या काठच्या एका वाडीत. आधी शाळेत नेलं, मग आणखी खालच्या एका सरकारी हॉलमध्ये, मग 5 तारखेच्या रात्री मागुवोहार्जोच्या फुटबॉल स्टेडियममध्ये, हजारो माणसं पायऱ्यांवर झोपलेली. प्रत्येक वेळी वाटायचं आता लांब आलो, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी येऊन सांगायचं अजून खाली. गाई वरच राहिल्या. आता त्यांना सरकारी वसाहतीत पक्कं घर मिळालंय, रात्री तिथं, दिवसा वर जुन्या जमिनीवर गवत कापायला आणि जीप चालवायला. नव्या पद्धतीत वरच्या गावाची खालच्या एका गावाशी जोडी लावायला लागलेत, म्हणजे निघायची वेळ आली की कुठल्या गावात जायचं हे आधीच ठरलेलं असतं. पाकना हे आवडतं, स्टेडियमपेक्षा बरं म्हणाले.

सासूबाईंनी विचारलं, परत सायरन वाजला तर? पाक म्हणाले, कागद आणि मुलीचं सर्टिफिकेट दाराजवळच्या पिशवीत असतं. गाईंचं अजून जमलेलं नाही, ट्रक मिळत नाही वेळेला.

जाणाऱ्यांसाठी: जून ते सप्टेंबर कोरडा काळ, डोंगर सकाळीच दिसतो. आदल्या दिवशी वेधशाळेची पातळी बघून घ्या. जीपला मास्क आणि गॉगल स्वतःचा न्या, मिळतात ते धुळकट असतात. पावसाळ्यात गेलात आणि वर काळं दिसलं तर नदीच्या पात्रातली टूर घेऊच नका, पैसे गेले तरी चालतील. आणि जीपवाला अजून पुढं नेतो, थोडेच जास्तीचे द्या म्हणाला, तर नको म्हणा.